मधल्या गोलातला पेला

“हे प्रश्न मला विचारावेच लागतात, मिसेस ट्वेट. राग मानू नका,” डॅरिन क्लोस्टर म्हणाला आणि कॉम्प्युटरचा पडदा उगाचच स्वतःकडे वळवून घेतला.

“विचार की. दुसरीत असताना तू माझ्या बसमध्ये तीनदा ओकलास, तेव्हाही मी रागावले नव्हते.”

डॅरिनचे कान लाल झाले. तो आता पस्तिशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, आणि गावातला विम्याचा एकुलता एक एजंट म्हणून त्याला लोक जरा वचकूनही होते. पण गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक सगळ्यांना मार्लिस ट्वेटनेच शाळेत नेलं-आणलं होतं. सत्तावीस वर्षं. तिच्यासमोर एजंटपणा मिरवणं कुणालाच जमत नसे.

“गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा?”

“एक.”

“तारीख?”

“बारा मार्च, गेल्या वर्षी. पहाटे पाच वीस.”

“वेळ लिहायची गरज नाही यात.”

“माझ्या लक्षात आहे म्हणून सांगितली.”

डॅरिनने तारीख तेवढी टाइप केली. मग तो समजावू लागला. साध्या विम्यात आता तिला कुणी घेणार नव्हतं. जास्त जोखमीच्या चालकांची वेगळी यादी असते, तिचं नाव त्यात जाणार. शिवाय कंपनी राज्याकडे एक दाखला पाठवणार, एसआर-बावीस नावाचा, की या बाईंच्या गाडीचा विमा चालू आहे. दोन वर्षं तो दाखला जागता राहिला पाहिजे. मध्ये एक दिवस जरी विमा तुटला, तर कंपनी त्याच दिवशी राज्याला कळवणार आणि लायसन्स पुन्हा गेलंच म्हणून समजा.

“जास्त जोखमीचे चालक,” मार्लिस म्हणाली. ओठांवर हे शब्द कसे बसतात ते ती बघत असावी. “सत्तावीस वर्षांत मी बसचा आरसासुद्धा कुठे घासला नव्हता, डॅरिन.”

“मला माहीत आहे.”

“पण शब्द बरोबर आहे. असू दे तो तिथे.”

तिने सही केली. तिची सही शाळकरी मुलीसारखी होती, गोल आणि स्वच्छ.

त्या पहाटेबद्दल गाव काय बोललं ते मार्लिसने कधी कानावर घेतलं नाही, कारण गावापेक्षा जास्त ती स्वतःला बोलली होती. अकरा मार्च हा तिच्या नवऱ्याचा, लॉरेनचा वाढदिवस. तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत संध्याकाळी भांडी घासताना ओट्यावर एक ग्लास असायचा, मग दोन झाले. त्या संध्याकाळी तिने ग्लास मोजलेच नाहीत. रात्री झोप लागली, पहाटे चारला घड्याळ वाजलं, तिने काळी कॉफी घेतली, दात घासले. डोकं जड होतं. पण झोप झाली म्हणजे उतरली, असा तिचा सरळ समज होता, आणि इतकी वर्षं गाडी चालवणारी बाई असा समज करून घेते याचं तिला आजही नवल वाटतं. स्वतःच्या गाडीतून बसच्या गॅरेजकडे जाताना ती ‘थांबा’ अशी पाटी असलेल्या चौकातून न थांबता तशीच पुढे गेली. मागे पोलिसाचे दिवे लागले.

आणखी अर्ध्या तासाने ती बसमध्ये बसली असती. रस्त्यावरच्या शेतघरांतून अठ्ठावीस मुलं चढली असती, आणि एकोणिसाव्या थांब्यावर चढणारी मुलगी म्हणजे तिची नात, ब्रिन. बालवाडीतली, पाच वर्षांची. मार्लिसच्या मुलीने, हायडीने, ही गोष्ट आईला एकदाच बोलून दाखवली. “आई, माझी पोरगी त्या बसमध्ये चढणार होती.” एवढंच. पण त्यानंतर ब्रिन आजीच्या घरी आली तर आईबरोबर आली आणि आईबरोबरच गेली. आजीच्या गाडीत ती तेव्हापासून बसलेली नव्हती.

बसचं काम कायमचं गेलं. त्याबद्दल मार्लिस कुणाशी भांडली नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी कॉलेजात असतो त्या सक्तीच्या वर्गाला बसली, तपासणीला गेली, विचारलं त्याची खरी उत्तरं दिली, आणि त्या दिवसापासून घरात दारू आणली नाही. लायसन्स खरं तर सहा महिन्यांनी परत मागता आलं असतं. तिने दहा महिने लावले. दुकानात चालत गेली, दवाखान्यात शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली. परत मागायचं धाडस होईना, हे खरं कारण. शेवटी नाताळात ब्रिनने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं, “आजी, तुझी गाडी मेली का?” आणि मार्लिस दोन जानेवारीला डॅरिनच्या दारात उभी राहिली.

लायसन्स आलं. त्याच्या अटीप्रमाणे गाडीत यंत्रही बसलं. हातात मावेल एवढं काळं यंत्र, वायरीने स्टिअरिंगजवळ जोडलेलं. त्यात गुणगुणत फुंकायचं. श्वास स्वच्छ असेल तर गाडी चालू होते, नसेल तर नाही, आणि प्रत्येक फुंकर नोंदली जाते. वर्षभर हे चालणार होतं. मार्लिसला त्याचा राग आला नाही. कुणीतरी रोज सकाळी तिला विचारतं आहे आणि ती रोज खरं उत्तर देते आहे, हे तिला बरंच वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात हायडीचा फोन आला. “रविवारी चर्चनंतर जेवायला तुझ्याकडे येतो आम्ही. ब्रिन म्हणते, तुझ्या गाडीतून येणार.”

मार्लिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आई? ऐकलंस का?”

“ऐकलं. आणि तू काय म्हणतेस?”

“मी तिची गाडीत बसायची खुर्ची घेऊन येते. आणि मी मागून येईन माझ्या गाडीतून.”

त्या रविवारी मार्लिस वर्षभरानंतर पहिल्यांदा प्रभुभोजनाला पुढे गेली. चर्चला ती येत होतीच, पण मागच्या बाकावर बसायची आणि लोक वेदीकडे जायला लागले की मान खाली घालून बसायची. कारण होतं ते तबक. कठड्यापाशी सगळे ओळीने गुडघे टेकतात, पास्टरबाई भाकरीचा तुकडा देतात आणि मागून तबक येतं, अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांचं. बाहेरच्या गोलांत लाल वाईन, अगदी मधल्या लहान गोलात पांढऱ्या द्राक्षांचा रस. मधला पेला मुलांचा, गरोदर बायकांचा, आणि ज्यांना प्यायची सोय राहिलेली नाही त्यांचा. मधल्या पेल्याकडे हात गेला की सगळ्या ओळीला कळतं.

आज तिच्या उजवीकडे ब्रिन होती, डावीकडे हायडी. तबक समोर आलं. मार्लिसने ठरवलं होतं मधला घ्यायचा. पण कठड्याच्या टोकाला शाळेचे जुने मुख्याध्यापक होते, मागे सगळा गाव होता, आणि हात चाळीस वर्षांच्या सवयीने बाहेरच्या गोलाकडे गेला. का शरमेने गेला? तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एक घोट. चमचाभर.

बाकावर परतल्यावर तिने शेवटच्या भजनाची वाटसुद्धा पाहिली नाही. बाहेर कडाक्याची थंडी होती, ब्रिनसाठी गाडी गरम करून ठेवावी म्हणून ती बाजूच्या दाराने निघाली. गाडीत बसली, यंत्र उचललं आणि फुंकर मारली.

नापास.

तिने ती अक्षरं पुन्हा वाचली. मग तोंडातली चव लक्षात आली आणि तिने कपाळावर हात मारला. यंत्र थांबा म्हणत होतं. तिने बाटलीतल्या गार पाण्याने चुळा भरल्या, बर्फावर थुंकली, पुन्हा भरल्या. चर्चमध्ये भजन संपलं, घोषणा सुरू झाल्या असाव्यात. यंत्राने परवानगी दिली तशी तिने पुन्हा फुंकलं. पास. गाडी चालू झाली, हीटर घरघरायला लागला.

कुणी बघितलं नव्हतं. श्वास स्वच्छ होता, ती शुद्धीवर होती, रस्ता चार मैलांचा होता.

दारातून लोक बाहेर पडले. हायडी एका हाताने ब्रिनला धरून, दुसऱ्या हातात तिची निळी खुर्ची घेऊन येत होती. मार्लिसने काच खाली केली. ब्रिनचा हसरा चेहरा तिने बघितला नाही, बघितला असता तर बोलता आलं नसतं.

“हायडी, पहिल्या वेळी यंत्राने नापास केलं. मी वाईन घेतली आत. मधला घ्यायचा होता, नाही घेतला.”

हायडी जागच्या जागी थांबली. “एवढीशी वाईन...”

“एवढीशीच. आता पास झालं. पण तुला माहीत असलं पाहिजे.”

“का घेतलीस?”

“लाज वाटली.”

हायडीचा चेहरा तसाच राहिला. तिने खुर्ची दुसऱ्या हातात घेतली. “आज नको, आई,” ती म्हणाली. “आज ती माझ्याबरोबर येईल.” ब्रिनने भोकाड पसरलं ते हायडीच्या गाडीचं दार बंद होईपर्यंत ऐकू येत होतं.

जेवण झालं. बटाटे बरे झाले होते.

सोमवारी मार्लिस डॅरिनकडे गेली आणि सगळं सांगितलं. या नोंदीने दाखला तुटेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

“विमा तुटत नाही याने. यंत्रवाल्यांची नोंद वेगळी, आणि लगेच पास झालात तुम्ही. जमलं तर एका वहीत तारखेसह लिहून ठेवा, प्रभुभोजन म्हणून.” मग त्याने पेन खाली ठेवलं. “माझे वडील वीस वर्षं मधलाच घेतात, मिसेस ट्वेट. कुणी बघत नाही.”

“सगळे बघतात, डॅरिन.”

“हो, बघतात,” तो कबूल झाला. “आणि मग खाली चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला जातात.”

मार्लिसला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा प्रभुभोजन होतं. मार्लिस एकटीच पुढे गेली, कारण हायडी लेकीला घेऊन कुठेतरी मागे बसली होती आणि मार्लिसने वळून शोधलं नव्हतं. तबक आलं. तिने सावकाश, कुणाला दिसायचं त्याला नीट दिसू दे अशा बेताने, हात मधल्या गोलात नेला. रस गोडमिट्ट होता. आपण बालवाडीत जाऊन बसलो, असं तिला वाटलं, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

या वेळी ती भजन संपेपर्यंत थांबली, घोषणाही ऐकल्या. बाहेर आली तेव्हा गाड्या निघायला लागल्या होत्या. तिने आपल्या गाडीचं दार उघडलं.

मागच्या सीटवर निळी खुर्ची पट्ट्याने घट्ट बांधलेली होती, आणि खुर्चीत ब्रिन. तोंडात मिठाई, एकाच हातात हातमोजा. पलीकडे हायडी आपल्या गाडीत बसली होती. गाडी चालूच होती, पण ती निघत नव्हती. तिने आईकडे बघितलं नाही. समोरच्या काचेवरचं बर्फ खरवडल्यासारखं करत राहिली, आतल्या बाजूने.

“आजी, तू मोजत नाहीस का?” ब्रिनने विचारलं. बस निघायच्या आधी आजी मधल्या वाटेतून शेवटच्या सीटपर्यंत जाते आणि डोकी मोजते, हे तिला बालवाडीपासून पाठ होतं.

मार्लिस गाडीभोवती पूर्ण एक फेरी मारून आली. चाकं बघितली, दिवे बघितले, ब्रिनचा पट्टा दोन बोटांनी ओढून बघितला. मग पुढे बसून यंत्रात फुंकर मारली आणि पास अशी अक्षरं येईपर्यंत थांबली.

“एक,” ती म्हणाली, आणि आरशात पुन्हा एकदा बघून तिने गाडी हळूच बाहेर काढली.