सरस्वतीपुढे बसलेला लॅटिन कोश

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि स्वभावाने जरा गर्विष्ठ आहे. का नसावे? माझ्या पोटात हजारो लॅटिन शब्द आहेत. लॅटिन म्हणजे युरोपातल्या जुन्या पंडितांची भाषा, आपल्याकडे संस्कृत तशी. माझा जन्म लंडनच्या छापखान्यात झाला. जहाजाने मुंबईला आलो, तिथून नागपूरला पाद्र्यांच्या पाठशाळेत. तिथे तीस वर्षे माझा मान होता. पुढे नवे कोश आले आणि मी फळीवर धूळ खात पडलो. एका प्राध्यापकांनी मला उचलून विद्यापीठात नेले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती. प्राध्यापकांकडे मेहकरची शारदा शिकत होती. तिला सातशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या ख्रिस्ती मठांतल्या साधूंचे लॅटिन ग्रंथ वाचायचे होते. देव, ज्ञान, सत्य यांवर त्या लोकांनी डोंगराएवढे लिहून ठेवले आहे. प्राध्यापकांनी तिला अशा एका ग्रंथातली चार पाने दिली, सोबत मला दिले आणि सांगितले, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाषांतर आणि टिपण घेऊन या. जमलं तर एम.ए.ला माझ्याकडे हेच ग्रंथ शिका. नाही जमलं तर विषय बदला.”

झाले. मी एसटीने मेहकरला आलो. शारदाचे वडील नारायणराव गावात पूजा सांगत. घरात पंचांगे आणि पोथ्या पुष्कळ, पण माझ्याएवढे जाड कुणी नव्हते. शारदा दिवसभर मला उघडत होती. एकेका शब्दासाठी तीनतीनदा पाने चाळायची. मला फार सुख वाटे. माझ्यावाचून हिचे पान हलत नाही, असे मी मनात म्हणायचो.

पण तिची अडचण मला दिसत होती. ग्रंथातला प्रश्न असा होता: जन्मांध माणूस प्रकाशाविषयी खरे बोलू शकतो का? साधूबाबा पहिल्या पानावर सांगतात, बोलू शकत नाही. त्याची तीन कारणे देतात, तीही चांगली पटणारी. आणि तिसऱ्या पानावर तेच म्हणतात, बोलू शकतो. शारदा वैतागली. तिने टिपणात लिहून टाकले, ‘लेखक गोंधळलेला आहे आणि स्वतःचेच म्हणणे खोडून काढतो.’ तरी तिचे समाधान होईना. एखादा शब्द चुकला असेल म्हणून ती पुन्हा पुन्हा माझ्याकडे येई.

अशात सरस्वतीपूजन आले. शारदा ओढ्यावर धुणे घेऊन गेली होती. तिच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, मला उचलले, पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले, वर झेंडूचे फूल ठेवले. माझी पाठ चामड्याची आहे हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. मीही गप्प बसलो.

शारदा परतली आणि कपाळाला हात लावून बसली.

“आई, काऊन ठेवलं हे? मले चार दिवसांनी नागपूरले जायचं हाय.”

“घरात एवढं मोठं पुस्तक असून सरस्वतीपुढं बारकी पुस्तकं ठेवू काय मी?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “मले काय माहीत तुह्या कामाचं. आता दसऱ्याले उठते सरस्वती. तोवर बसलेलं पुस्तक हलवत नसतात, बाई.”

शारदाने हट्ट केला नाही. पण तिचे डोळे भरले. मी पाटावर ऐटीत बसलो होतो आणि मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी नारायणराव देवळातून आले. लेक देवघरापुढे नुसती बसलेली पाहून त्यांनी विचारले, “काय अडलं?”

“शब्द अडले, बाबा.”

“शब्द राहू दे. तो साधू म्हणते काय, ते सांग मले.”

तिने सगळे सांगितले. नारायणराव ऐकता ऐकता हसू लागले.

“अगं, तो गोंधळला नाही. पहिलं पान त्याचं नाहीच. तो पूर्वपक्ष हाय. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, त्याच्याहून चांगलं मांडायचं, मग त्याले उत्तर द्यायचं. आमच्या शास्त्रांत सगळे असंच करतात. तुहा साधू चांगल्या गुरूकडं शिकलेला दिसते.”

शारदाने टिपण फाडले आणि तिथेच नवे लिहायला बसली. दसऱ्याला मी पाटावरून उठलो, तेव्हा तिला माझ्याकडून जेमतेम दहा शब्द हवे होते.

नागपूरला मी तिच्या पिशवीत होतो. प्राध्यापकांनी टिपण वाचले, पुन्हा वाचले.

“हे कुठल्या पुस्तकात मिळालं तुम्हाला?”

“पुस्तक पूजेत बसलं होतं, सर. वडिलांनी सांगितलं.”

त्यांनी तिला एम.ए.साठी आपल्याकडे घेतले आणि मलाही तिच्याकडेच राहू दिले. त्या संध्याकाळी तिने मला उघडले. लॅटिनमध्ये आक्षेपाला ‘ओब्येक्तिओ’ म्हणतात. त्या शब्दाशेजारी तिने पेन्सिलीने लिहिले: ‘पूर्वपक्ष. बाबांनी सांगितलं.’ खरे सांगतो, माझा गर्व त्या दिवशी उतरला.

शारदाने पुढे कितीतरी वर्षे शिकवले. निवृत्त झाल्यावर तिने मला मेहकरच्या वाचनालयाला दिले. आता वाचण्यासाठी मला कुणी उघडत नाही. माझ्या पाठीवर हळदीचा डाग मात्र अजून आहे.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना वाळवीपासून जपा, ओल लागू देऊ नका, हे तर सांगायलाच हवे. पण माझे मागणे वेगळे आहे. वाचनालयाच्या प्रतिमाताई फार टापटिपीच्या आहेत. रोज दुपारी खोडरबर घेऊन त्या माझ्यातली पेन्सिलीची अक्षरे पुसत आहेत. आज ‘एन’ अक्षर संपले. उद्या ‘ओ’ येईल. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या ओळखीचे असेल, तर एवढे सांगा की ती एक ओळ राहू द्या. माझ्या हजारो शब्दांत तेवढाच एक शब्द मेहकरचा आहे.