कोरडं बोट

"मावशी, रक्त इतक्यात थांबलं?" समरीनने विचारलं.

मासळी बाजारात समरीनसाठी सरंगा कापताना गुणवंतीच्या बोटाला कोयता लागला होता. तिने बोट फडक्यात दाबून धरलं आणि थोड्या वेळाने पाहिलं, तर जखम कोरडी.

"थांबला गो बाय. देवाची कृपा."

"गेल्या महिन्यात असंच कापलं, तेव्हा अर्धा तास वाहत होतं. मीच पट्टी बांधली." समरीन औषधांच्या दुकानात होती, गुणवंतीच्या गोळ्या तिच्याच हातून जात. "रक्त पातळ करायची गोळी घेताय ना?"

गुणवंती टोपलीतला बर्फ सारखा करत राहिली.

"मावशी?"

"चार दिस नाय घेतली. चरबीची घेतंय रोज, तिचा काय नाय. पन ही घेतली की रगत थांबत नाय. मागल्या आठवड्यात सरंग्यावर पडला. एक बाय म्हणाली, हा रगत मासळीचा की तुझा? नि उठून गेली. असा चालला तर पाटीवर येल कोन?"

चार महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या कडक होऊन चोंदलेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली होती. समरीन पाटीशेजारी उकिडवी बसली.

"जाळी अजून नवी आहे, मावशी. गोळी नसली की तिच्यावर रक्त असंच गोठू शकतं. बोटावरचं दिसतं. आतलं कुणाला दिसणार?"

मघाशी जिचा आनंद वाटला होता त्या जखमेकडे गुणवंती बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "हेतल, पाटी बघ गो," आणि समरीनच्या मागे स्कूटरवर बसली.

दवाखान्यात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. डॉक्टरांनी समोर बसवून गोळी घ्यायला लावली. "न विचारता बंद करायची नाही," ते म्हणाले. "नशीब तुमचं."

"नशीब कसला? ही पोर भेटली म्हणून."

समरीन हसली. "माझा सरंगा राहिलाय अजून."

दुसऱ्या सकाळी पाटीतला सर्वांत मोठा सरंगा गुणवंतीने बाजूला काढून ठेवला. समरीन आली तशी तिने कोयता उचलला, मूठ पुढे करून हेतलच्या हातात दिला. तीस वर्षांत तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता.

"मना नाय जमणार, आये," हेतल म्हणाली.

"जमंल."

गुणवंतीने सरंग्यावर नखाने एक तिरकी रेघ ओढली. हेतलने कोयता त्या रेघेवर टेकवला.