अल्मासबाईंचा हात हलला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि आधीच सांगते, माझे डोके फिरलेले आहे. तेव्हा थोडे सहन करा.

मी चांदण्या बघायची दुर्बीण नव्हे. मी बंदुकीवर बसते. ही बंदूक जीव घेत नाही, तिच्यातून गोळीऐवजी भुलीचे इंजेक्शन सुटते. अकोले तालुक्यात कुठे बिबट्या अडकला की आमच्या बचाव पथकाची जीप निघते. माझ्या काचेत एक बारीक फुली आहे. फुली टेकेल तिथेच इंजेक्शन लागले पाहिजे. पथकात याला 'झिरो' म्हणतात. कारखान्यातून खोक्यात बसून आले तेव्हापासून सात वर्षे मी हा झिरो केसभरही हलू दिला नाही. अकरा बिबटे माझ्या फुलीखाली सुखरूप झोपले. पथकाच्या डॉक्टर अल्मासबाई मला स्वतःच्या चष्म्याच्या फडक्याने पुसत. फार चांगले दिवस होते ते.

मग दसरा आला. जीपचे ड्रायव्हर कारभारी भाविक माणूस. त्यांनी बंदुकीची पूजा मांडली. पाना लावून मला खाली उतरवले, बंदूक पुसली, हळदकुंकू वाहिले, मूठभर अक्षता टाकल्या, आणि मला पुन्हा जागेवर बसवून स्क्रू आवळले. माझ्या मागच्या पायाखाली कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा तसाच राहिला. तो मला टोचत होता. पण आम्हाला तोंड कुठे असते?

चार दिवसांनी बिबट्याची मादी जवळच्या गावातल्या रतनबाईंच्या गोठ्यात शिरली. रतनबाईंनी धीराने बाहेरून फळी लावून तिला कोंडले. सारे गाव जमले. अल्मासबाईंनी खिडकीतून नेम धरला, फुली मादीच्या मांडीवर टेकवली आणि चाप ओढला. इंजेक्शन वीतभर वरून गेले आणि खांबात रुतले. मादी बिथरली आणि पत्र्याच्या फटीतून उडी मारून उसात पसार झाली.

"म्याडमचा हात हालला," कारभारी सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणाले. "बंदूक झ्याक हाय. परवाच पुजलीय मी."

"याच्यासाठी जीव मुठीत धरून फळी लावली व्हय मी?" रतनबाई कडाडल्या. "आता रानात जायाचं कसं? पुन्हा आली तर आमी काठ्या घिऊन बघू. तुमी येऊ बी नका."

म्हणजे पुन्हा नेम चुकला असता तर ती मादी मेलीच असती.

अल्मासबाईंनी पथकाच्या आवारात भुशाचे पोते टांगले आणि वीस पावलांवरून नुसत्या पाण्याची इंजेक्शने मारायला सुरुवात केली. पहिले वर गेले. त्यांनी माझ्या खुंट्या फिरवून फुली जुळवली. दुसरे बरोबर बसले, तिसरे पुन्हा भलतीकडे! कारण प्रत्येक बाराला तो दाणा थोडा थोडा चिरडत होता. त्यांनी इंजेक्शन ढकलणारी गॅसची नळकांडी बदलली, सुया बदलल्या, माझ्या काचा पुसल्या. अहो, खाली बघा ना, खाली! तीन दिवस माझे कान पिळले, पण पायाशी कुणी बघेना. मधेच बाई आपला हात समोर धरून निरखत, खरेच थरथरतो का म्हणून. ते मला बघवत नसे.

चौथ्या दिवशी त्यांनी बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. तरीही तीच गत.

"पिशवीचाही हात हलतो का हो, कारभारीमामा?" त्या वैतागून म्हणाल्या, आणि दुखरा दात हलवून बघावा तसे त्यांनी मला धरून हलवले. मी डुगडुगले. त्यांनी पाना घेऊन मला उतरवले, तेव्हा तो चपटा लाल दाणा सापडला. बाईंनी तो कारभारींच्या तळहातावर ठेवला.

कारभारींचा चेहरा उतरला. "ह्यो तर माझ्या पूजेतला."

"पूजा करा, मामा. पण दुर्बीण काढायची असली तर मला हाक मारा. परत बसवली की झिरो तपासावा लागतो."

त्यांनी मला घट्ट बसवून पोत्यावर झिरो पुन्हा जुळवला. दोन दिवसांनी मादी रतनबाईंच्याच गावात कोरड्या विहिरीत पडली. खबर लागताच आमची जीप न बोलावताही पोहोचली. माणसे काठ्या घेऊन काठावर उभी होती. बाईंनी एकच बार केला. दहा मिनिटांत मादी झोपली, आणि जाळीत घालून तिला वर काढून पिंजऱ्यात ठेवले.

"दुर्बीण लई भारी हाय!" गाव ओरडले. मोबाईल काढून सगळ्यांनी माझे फोटो घेतले. चुकला तेव्हा बाईंचा हात, लागला तेव्हा माझी कमाल! आणि कारभारी तिथेच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते हळूच म्हणाले, "म्याडम, चूक माझी हुती."

"गाडी चालवा, मामा," बाई म्हणाल्या.

दोष दिला तेव्हा सारे गाव ऐकत होते. चूक कबूल केली तेव्हा ऐकायला बाई, मी आणि पिंजऱ्यातली मादी. आणि ती तर झोपलेली होती.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आमचे स्क्रूही बघत जा. आणि कुणाला चारचौघांत उगाच दोष दिला असेल, तर चारचौघांतच जाऊन तो मागे घ्या. कारभारी अजून गेलेले नाहीत. रतनबाईंचे गाव आमच्यापासून जीपने फक्त वीस मिनिटांवर आहे.