पहिल्या बाजूचं मत

मनोहर टिपणीसांनी रेकॉर्डला नावं ठेवली की तिच्या रेघा पुसल्या जात. हातात उरायचा तो तव्यासारखा काळा, गुळगुळीत गोल, आणि कव्हरवरच्या फोटोत गाणाऱ्याचं तोंड मिटलेलं असायचं. मग तो माणूस जगात कुठेही असो, त्याचा आवाज जायचा तो जायचाच. नगरच्या भिंगार कॅम्पात याचं कुणाला फारसं नवल राहिलं नव्हतं. कुणाची नजर लागते, टिपणीसांचं मत लागतं, एवढंच.

आणि मतं तरी काय एकेक! रॉक म्हणजे रुसलेल्या पोराने भांडी आपटणं. पॉप म्हणजे पातळ वरण, भुरकलं की संपलं. जॅझपुढे मात्र हा माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा, पण तिथेही एखादा ट्रंपेटवाला जरा जास्त रेंगाळला की म्हणणार, "दम दाखवतोय नुसता, गाणं कुठाय?" झालं, संपला बिचारा. कपाटभर रेकॉर्डींपैकी वाजणाऱ्या आता जेमतेम चारदोन उरल्या होत्या. बाकीच्यांवर त्यांची बायको सुलभाताई गच्चीत सांडगे घालायची.

दर रविवारी सकाळी टिपणीसांच्या पुढच्या खोलीत बैठक भरे. तिचा रिवाज पक्का होता. पहिली बाजू संपली की टिपणीसांनी रेकॉर्ड उचलायची, दोन्ही तळव्यांत धरायची आणि उलटण्याआधी मत द्यायचं. मत दिल्याशिवाय दुसरी बाजू लागत नसे, सुई खाली उतरायचीच नाही. तोवर दारही उघडत नसे. शिवाय गाण्यागणिक खोलीच्या भिंती वीतभर आत सरकत, म्हणून लोक आधीच खुर्च्या जवळ घेऊन बसत. दातांचे डॉक्टर खोत तेवढे कुरकुरत, कारण त्यांचे पाय लांब होते.

कोपऱ्यात एलिशा साळवे बसायचा. पूर्वी चर्चमध्ये गायचा, हौसेने स्वतःची एक रेकॉर्डही काढली होती. ती ऐकून टिपणीस म्हणाले होते, "गळा चांगला, डोकं रिकामं." तेव्हापासून तो मांडीवर पाटी घेऊन यायचा आणि आपलं मत लिहून दाखवायचा. राग? छे! 'साहेब खरं तेच बोलले,' असं त्याने एकदा लिहिलं होतं. ते वाचून टिपणीसांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांची मुलगी केतकी स्वतःची पहिली रेकॉर्ड घेऊन आली. कव्हरवर ती डोळे मिटून, तोंड उघडून गात होती.

टिपणीस घाईघाईने म्हणाले, "अगं, मी ऐकतो ना एकटा, निवांत. बैठकीत कशाला?"

"एकट्याने ऐकलंत की तुम्ही काहीच बोलत नाही, बाबा."

"लोकांना आवडलीय म्हणतेस ना? मग झालं तर."

"लोकांचं काय करायचंय मला? जन्मात एकदा तुमच्या तोंडून 'छान' ऐकायचंय. आणि खोटं बोललात तर कळेल मला, सांगून ठेवते."

सुलभाताईंनी नवऱ्याला ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि त्याच्या तोंडात लवंग कोंबली. "दाताखाली धरा. छान म्हणायचं आणि गप बसायचं. एकुलती एक पोर आहे हो माझी."

"मी काय वैरी आहे का तिचा?"

"एलिशाचे तरी तुम्ही कुठे वैरी होतात?"

 लवंग दाताखाली घट्ट धरून टिपणीस बाहेर आले.

सुई टेकली आणि दार लागलं. पहिल्याच गाण्यात टिपणीस विरघळले. मागे जॅझचा आळसावलेला ठेका चालला होता, आणि बाईने भाजी निवडता निवडता गुणगुणावं तशी केतकी त्यावर गात होती. कुठे आवाज रेटणं नाही, काही सिद्ध करणं नाही. ही आपली पोर? हे ती कधी शिकली, आणि आपण तेव्हा कुठे होतो? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली सरकत होती. तिसऱ्या गाण्याला डॉक्टर खोतांचे गुडघे हनुवटीला लागले. चौथ्याला केतकीचे गुडघे बापाच्या गुडघ्यांना टेकले, आणि ती लहानपणी परीक्षेचा निकाल दाखवताना बघायची तशी त्यांच्याकडे बघत राहिली.

शेवटच्या गाण्यात, अगदी शेवटच्या सुराआधी, तिने श्वास घेतला. एवढासा. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. टिपणीसांच्या दाताखाली लवंग फुटली.

बाजू संपली. त्यांनी रेकॉर्ड उचलून तळव्यांत धरली. 

"छान आहे," ते म्हणाले.

रेघा जागच्या जागी होत्या. कव्हरवरचं तोंड उघडंच होतं.

"खरंच?"

"खरंच गं. फार छान आहे." इतकं खरं ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. खोली बोटभर सैल झाली. डॉक्टरांनी पाय हलवून बघितले. सुलभाताईंनी डोळ्यांना पदर लावला. केतकी तर अशी हसली, की काय सांगावं! आता रेकॉर्ड नुसती उलटायची होती.

पण जन्माची सवय अशी जाते थोडीच. शिंक यावी तसा तो शब्द आला.

"पण," टिपणीस म्हणाले.

त्यांनी पुढचं गिळलं. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तशी रेकॉर्ड मांडीवर पडली. तिच्यात आता खोलीचं छत दिसत होतं.

"पण का..." एवढंच ऐकू आलं. पुढे केतकीचे ओठ नुसते हलत राहिले.

"अहो, काय केलंत हे!" सुलभाताई किंचाळल्या. "काय केलंत!"

मत देऊन झालं होतं. त्यामुळे डॉक्टर खोतांनी रिवाजाप्रमाणे रेकॉर्ड उलटून लावली, आणि सुई मुकाट्याने खाली उतरली. दुसरी बाजू आवाजाविनाच सुरू झाली. सगळे मान खाली घालून ऐकू लागले. एलिशाने बाहीने पाटी पुसली आणि खडूसकट केतकीच्या हातात दिली.

तिने दोन शब्द लिहिले आणि पाटी बापाच्या डोळ्यांपुढे धरली. 'पण काय?'

टिपणीसांनी तोंडावरचे हात काढले नाहीत. तिने पाटी खाली केली नाही. खोली आणखी वीतभर आत सरकली.