गोडखाऊ म्हसोबा

देवाच्यान सांगते, गळ्याची शप्पत, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय! खोटं निघालं तर माजं राह्यलेलं दोन दातबी पडू द्यात.

बहात्तरचा दुष्काळ सरला तवा आमी आंदर मावळातनं लोणावळ्याला आलतो. तुमचा आजा एका बंगल्यावर राखणीला, मी झाडलोटीला. यकदा बंगल्याचा धाकटा शेठ मुंबईवरनं गाण्याच्या रेकाडी घिऊन आला. केस माज्यापरीस लांब. म्हनला, "मावशी, हा हेवी मेटल बाजा. म्हणजे जड लोखंड." आजानं यक रेकाड हातात तोलून बघितली. पापडावानी हलकी! तितनंच आमचा घोटाळा सुरू झाला.

शेठनं रेकाडीची रंगीत पाकिटं भिंतीला टेकवली. "यातलं चांगलं कुठलं, बघून ठेव. भिंतीवर लावायचंय." आन बाजारात गेला.

एकावर नुसतं काळ्यावर काळं. वाटलं, छापणाऱ्याचा रंग सांडला. दुसऱ्यावर जांभळा डोंगर, डोंगराला दात. आता डोंगराला दात कशापायी? तिसऱ्यावर निळं त्वांड, रेड्याची शिंगं, लाल डोळं, मागं जाळ.

आजा मटकन खाली बसला. "अगं, ह्यो तर म्हसोबा!"

"म्हसोबा निळा आसतोय व्हय? शेंदूर कुटंय त्येचा?"

"म्हनून तर त्वांड वासलंय! शेंदूर न्हाई, निवद न्हाई."

उठला, पाकिटाला तेल-शेंदूर थापला, आन माजा कोंबडा काखंत धरून आला. माजा तुरेवाला! अंड्यातनं निघाल्यापासनं पदराखाली निजलेला. म्या वाट आडवली.

"अवो, आदी कौल लावा! उजवा दाना पडला तर कोंबडा, डावा पडला तर गोड निवद."

दोन तांदूळ शेंदरात चिकटवलं. तेल इतकं, की दोनीबी संगटच घसरलं. आता कौल कुठला धरायचा?

तेवढ्यात शेठ दारात. शेंदूर बघतोय, कोंबडा बघतोय. "हे... काय केलंत?"

"त्ये राहू द्या, शेठ. ह्यो देव खातो काय, तेवढं सांगा."

शेठनं डोकं खाजवलं. "खात नाही, मावशी. हा फक्त ओरडतो."

"बघ! भुकंनंच वरडत आसंल," आजा म्हनला.

शेठच्या हातात चिक्कीचा पुडा हुता. म्या त्यातली यक वडी वढली, पाकिटाम्होरं ठेवली. निवद दावल्यावर देवाकडं पाठ करायची आसती, ती आमी तिघांनी केली. शेठनंबी केली, का त्ये त्यालाच ठावं न्हाई. हात जोडायला आजानं कोंबडा खाली सोडला.

वळून बघतो तर वडी गायब! देवानं खाल्ली! आजानं लोटांगणच घातलं. "गोडखाऊ म्हसोबा!" कोंबडा वाचला.

शेठ शेंदराकडं टकामका बघत म्हनला, "मावशी, रंग आता जमलाय का बिघडलाय?"

मला तरी काय ठावं? म्हनलं, "डोंगराच्या दातालाबी लावू का?"

बरं बरं, आसं डोळं वटारू नका. यक गोष्ट म्या पदरची घातली. वडी देवानं न्हाई खाल्ली. तुमच्या आजाच्या आदी मीच वळले. कोंबड्याच्या चोचीला गूळ हुता. त्यो पदरानं पुसला, आन मंग म्हनलं, "अवो, वळा आता."