गेटवरचं मराठी

माझ्या बाचं मराठी दोन तऱ्हेचं होतं. एक कडावच्या घरातलं, म्हशीला आणि आम्हाला एकाच सुरात हाक मारणारं. दुसरं रसायनीतल्या कंपनीच्या गेटवरचं. तिथे ते सत्तावीस वर्षं वॉचमन होते. साहेबांच्या गाडीची काच खाली आली की बाच्या 'हाय'चं 'आहे' व्हायचं आणि 'नाय'चं 'नाही'. घरी आल्यावर खाकी शर्ट खुंटीला लावायचे, त्याबरोबर ते मराठीही तिथेच टांगायचे.

घरात आम्ही बाला अरे-तुरेच करायचो. बा, जेवलास का रं? यात कुणाला उद्धटपणा दिसला नाही. दिसला तो मला, तोही डी.एड. झाल्यावर. डोंबिवलीचं स्थळ मला बघायला येणार होतं. आदल्या दिवशी मी बाला बजावलं, "बाबा, उद्या तुम्ही कमी बोला. आणि बोललात तर ते हाय-नाय नको."

'बाबा' आणि 'तुम्ही' हे शब्द त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आले. दुसऱ्या दिवशी बा पाहुण्यांसमोर ताठ बसून 'हो', 'नाही', 'चहा घ्या' एवढंच म्हणाले. लग्न ठरलं. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

पण त्यानंतर ते माझ्याशी तसेच बोलत राहिले. सोळा वर्षं. मी माहेरी गेले की 'या, प्रवास कसा झाला?' शेजारी बसलेल्या माझ्या भावाला, गजाला, 'पेंढा टाकलास का रं?' असं विचारायचे, आणि मान माझ्याकडे वळली की शब्द भांग पाडून बाहेर यायचे. मी शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या वह्यांतलं 'पन' खोडून 'पण' करते. बा सुधारले, असं मी खुशाल समजत होते. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ते गाढव मीच.

गेल्या वर्षापासून बा विसरायला लागले. माणसं एकेक करून पुसली जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. गजा अजून राहिलाय. मे महिन्यात मी गेले तेव्हा बा पडवीत बसले होते. बाबा, मला ओळखलंत का, असं विचारलं तर ते उठून उभे राहिले, बनियन खाली ओढला आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम. कोणाला भेटायचंय?"

मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला मी मोरीत जाऊन रडले. त्यांनी मला एकदा, फक्त एकदा, जया म्हणावं एवढंच मला हवं होतं.

गजाला माझी कीव आली असावी. "तुज्या बोलन्यानंच घोळ व्हतो गं," तो म्हणाला. "त्याला वाटतं, कंपनीची बाई आली. आपल्यासारकी बोल की."

आपल्यासारखी. माझी जीभ वळेना. गोठ्यामागे जाऊन मी तसं एक वाक्य दोन-तीनदा म्हणून बघितलं, गॅदरिंगच्या नाटकातलं पाठ करावं तसं. स्वतःच्या बापाशी बोलायची तालीम करताना मला इतकी लाज वाटली की तशीच परत जावंसं वाटलं. पण गेले नाही. पडवीत येऊन त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा हात धरला.

"बा, मी हाय रं. वळखलास नाय का?"

बाने माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा सैल झाला, डोळे हसले.

"मॅडम, तुम्ही आमचं बोलणं छान बोलता," ते म्हणाले. "आमची जया पण असंच बोलायची. लहान होती तेव्हा."

"आन आता?" मी कसंबसं विचारलं.

बा खुर्चीत ताठ झाले. एवढा अभिमान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "आता ती शाळेत बाई आहे. एकदम शुद्ध बोलते." मग त्यांनी दाराकडे बघून घेतलं, माझ्या हातातून हात सोडवला आणि आवाज खाली आणला.

"ती आली की मी गप्प बसतो. तिनंच सांगितलंय, कमी बोला."