शुक्रवारचं विमान

आमच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची पोरं जिंकली की अख्खं गाव नाचतं. त्या शनिवारी मी एकटी बसून राहिले. शेजारणीला म्हटलं, गुडघे दुखतात. ते दुखतातच, पण खरं तर मला पोरं हरायला हवी होती. जिंकलो म्हणजे पुढच्या शनिवारी थेट उत्तरेकडच्या मोंटाना राज्यात उपांत्य सामना. संघाचं विमान शुक्रवारी सकाळी. आणि त्याच सकाळी संघात खेळणाऱ्या माझ्या नातवाची, टाव्हेरिसची, कॉलेजात हाडं ओळखायची परीक्षा.

बाकीचे पेपर पोरं हॉटेलात बसून लिहितात, कॉलेजचा माणूस राखणीला असतो. पण हाडं प्रयोगशाळेत टेबलांवर मांडलेली असतात, एकेक हातात घेऊन ओळखायचं. सांगाड्याला विमानाचं तिकीट कोण काढणार? गेल्या डिसेंबरातही असंच झालं. "नंतर देशील," कॉलेजवाले म्हणाले. नंतर सराव आला, आणि विषय राहिला तो राहिलाच. याही खेपेला राहिला असता तर नर्सिंगची जागा गेली असती. हो, नर्सच व्हायचंय त्याला. दारातून तिरका आत येणारा गडी, पण आजोबांच्या शेवटच्या आजारात त्यांना उचललं, पुसलं, भरवलं ते त्यानेच.

मोसमात दर गुरुवारी पुढच्या फळीतली, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला आडोसा देणारी, टाव्हेरिससारखी पोरं माझ्याकडे जेवतात. त्या गुरुवारी कोच हॉलिस ब्रॅनमही आला. आमच्याच गल्लीतला, याचा शेंबूड मी पुसलाय. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव, सगळं मांडून झालं. हॉलिस प्रार्थनेला उभा राहिला.

"देवा, आम्हाला जय दे. हाडं शिकवणाऱ्या बाईंच्या काळजात दया घाल, आमच्या पोराची परीक्षा पुढे ढकलू दे—"

"आमेन," मी मध्येच म्हटलं. "देवाला दलाल करू नकोस, हॉलिस. बाईंनी नाही सांगितलंय. आता तू काय ते बोल."

"मिस व्हर्नेटा, ज्याचं विमान चुकलं तो सुरुवातीपासून खेळणार नाही. नियम सगळ्यांना एकच. तुमच्यासाठी मोडला तर उद्या प्रत्येकाची आजी दारात उभी राहील."

"राहू दे की! त्यांच्या तोंडाला कुलूप आहे का?"

पोरं फिदीफिदी हसली. मी कोंबडीचं ताट माझ्याकडे ओढलं. "नियम सोडेपर्यंत हॉलिसला वाढायचं नाही."

"आजी, ताट सोड," टाव्हेरिस म्हणाला. "कोचचं बरोबर आहे."

माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर! पण त्याचा चेहरा बघितला आणि जीभ आवरली. आठवडाभर सराव, मग डोळे लाल होईस्तोवर वाचन. म्हातारं दिसत होतं माझं पोर.

"मी परीक्षेला बसतो, कोच. संध्याकाळच्या विमानाने येईन. मला बाकावर बसवा."

"आणि तुझी जागा कोण धरणार?" त्याच्या शेजारी बसलेल्या बूकरने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

"तू."

"मेलो!"

हॉलिसने होकाराची मान डोलावली. मी त्याला मोठी तंगडी वाढली. दुसरं काय करणार होते?

शनिवारी घरीच टीव्ही लावला. बूकर जीव तोडून उभा होता, पण समोरचे त्याच्या बाजूने घुसत होते आणि आमचं बॉल फेकणारं पोर पुन्हा पुन्हा बर्फात आपटत होतं. चर्चमधल्या कोरीनचा फोन आला. "व्हर्नेटा, तुझ्या नातवाचा पाय मोडला की काय?"

"पाय धड आहे. डोकंही."

तिने फोन आपटला. टाव्हेरिस एकदा दिसला, बूकरच्या खांद्याचा पट्टा आवळताना. शेवटी शेवटी हॉलिसने त्याला मैदानात उतरवला. तोवर सामना हातातून गेला होता.

"आजी, हरलो," फोनवर म्हणाला.

"बघितलं. हाडं?"

"मनगटातलं एक चुकलं. बाकी आली."

"मग?"

"झालो पास." मग हळूच म्हणाला, "बूकरचं खेळायचं शेवटचं वर्ष होतं, आजी."

मी टीव्ही बंद केला. "जेवून घे," म्हटलं.

रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटीच. मागे कुजबुज चालली होती, टाव्हेरिसमुळे हरलो म्हणून. माझे कान अजून शाबूत आहेत. गाणं सुरू झालं, सगळे उठले. मीही उठले. गुडघे ठणकत होते. गाणं संपेपर्यंत उभी राहिले.